शिकाऊ विमान पाहिजे

४ मार्च

ताई,

फोनवर तुझ्या कानाला काही पोचत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. जन्मभर विमानांच्या इंजिनांशेजारी उभी राहिलीस, कान जाणारच. पण डोकं शाबूत आहे आणि आज मला त्याचीच गरज पडली आहे.

ही उडायला शिकते आहे. तुला ते माहीतच असणार, तूच तिला फूस लावलीस असा माझा पक्का संशय आहे. पन्नाशी उलटल्यावर लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात; आमच्या घरी फ्लाइंग क्लबाचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते. संध्याकाळी आली की जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि चमचे मांडून, वारा कुठून आला की विमान कसं वळवायचं ते मला शिकवते. माझ्या ताटातलं गार होतं.

आता मुद्द्याचं. क्लबाचं शिकाऊ विमान मी आतून-बाहेरून पाहिलं. त्याचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. सीटच्या कापडाला ठिगळ आहे. मी लिफ्ट तपासणारा माणूस. ज्या लिफ्टचं दार असं लागतं तिच्यावर मी 'वापरू नये' अशी लाल पाटी लटकवतो आणि इमारतीतले लोक कितीही गयावया करोत, दुरुस्ती झाल्याखेरीज काढत नाही. लोक चिडतात, पण माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही लिफ्टमध्ये कुणाला साधं खरचटलेलं नाही. मग माझ्याच बायकोला मी त्या डब्यात बसवू?

म्हणून ठरवलंय, हिच्यासाठी घरचंच एक विमान घ्यायचं. जुनं, पण खणखणीत. तोवर शिकवणी थांबव असं मी हिला सांगितलं आणि ती बरं म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मलाच चुकल्यासारखं झालं.

तू एवढंच सांग, नवशिक्या माणसासाठी सगळ्यात सुरक्षित विमान कोणतं? एकच सांग. चार सांगितलीस तर माझी झोप जाईल.

तुझा
टिल्लू


१२ मार्च

टिल्लू,

दारात मावेनासा झालास तरी माझ्यासाठी टिल्लूच. माझे कान ठीक आहेत. लोक हल्ली पुटपुटतात.

सगळ्यात सुरक्षित विमान असं काही नसतं. नीट राखलेलं असतं आणि न राखलेलं असतं. बाकी ऐक. दोघांचं घे, चौघांचं नको. जास्त सीटा दिसल्या की नवशिका पाहुणे भरतो. पंख डोक्यावर असलेलं घे, म्हणजे तिला खालची जमीन दिसेल. तीन चाकं, त्यातलं एक नाकाखाली. शेपटीला चाक असलेली विमानं दिसायला देखणी असतात, पण उतरताना नवशिक्याला भोवऱ्यासारखी फिरवतात. हळू उडणारं घे, हळू उतरणारं घे, ज्याचे सुटे भाग मिळतात असं घे. रंगावर भाळू नकोस. पंखाच्या सांध्यांना गंज आहे का ते बघ. आणि मुख्य म्हणजे तिच्या मास्तरांना विचार. शिकवायचं त्यांना आहे, तुला नाही.

क्लबाच्या विमानाचं म्हणशील, तर ठिगळ सीटला आहे, पंखाला नाही. दार दोनदा आपटावं लागतं ते त्या जातीच्या सगळ्याच विमानांचं. तू शिकवणी थांबवायला नको होतीस. हाताला वळण लागत असताना खंड पडला की ते मागे जातं. आता ठरवलंच आहेस तर लवकर उरक. विकणाऱ्यांचे पत्ते मागच्या बाजूला लिहिले आहेत.

ताई


१८ एप्रिल

ताई,

रागावू नकोस. अजून ठरलेलं नाही.

तू दिलेल्या सगळ्या पत्त्यांवर जाऊन आलो. पहिलं विमान एका दातांच्या डॉक्टरांचं. पांढरंशुभ्र, पंख वर, तीन चाकं, तू म्हणालीस अगदी तसं. हिला आवडलं. ती आत बसली, पाय पेडलवर टेकवले आणि बराच वेळ नुसती समोर बघत राहिली. मी डॉक्टरांना विचारलं, इंजिन बंद पडलं तर दुसरं कुठे आहे? ते म्हणाले, दुसरं नसतं. मी त्यांना समजावून सांगितलं की लिफ्टला एक दोर तुटला तर बाकीचे असतात, वर ब्रेक असतो, ब्रेक गेला तर रुळांना धरणारा चिमटा असतो. ते म्हणाले, इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत खाली येतं. मी विचारलं, खाली कुठे? ते म्हणाले, एखादं शेत बघायचं. एखादं शेत बघायचं, ताई. आम्ही परत आलो.

दुसऱ्याचे पंख खाली होते. तिसऱ्याचा मालक फार गोड बोलत होता. लिफ्ट तपासायला गेल्यावर जो आधी चहा पुढे करतो, त्याच्या मशीनखोलीत काय निघतं ते मला माहीत आहे.

चौथ्याचं सांगायला लाज वाटते, पण हिच्याकडून कळेलच. एक निवृत्त भूमापक आहेत, विमान पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं. मी खाली वाकून चाकं पाहिली, तर ब्रेकच्या नळीशी तेलाचा एक थेंब दिसला. कामाची पिशवी माझ्या खांद्याला होतीच. पुढचं मी मुद्दाम केलं नाही, हाताची सवय. मी पिशवीतून लाल पाटी काढली आणि त्यांच्या विमानाच्या पुढच्या पंख्याला बांधली. 'वापरू नये', आणि खाली माझी सही. गृहस्थांनी आधी पाटी वाचली, मग सही वाचली, आणि मग ते आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले. पाठीमागून.

परत येताना ही गाडीत एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हाला विमान घ्यायचंच नाहीये." मी म्हटलं, असं कसं, माझे सगळे रविवार त्यातच चालले आहेत. ती दुकानाच्या किल्ल्या उचलून बाहेर पडली. रविवारी दुकान बंद असतं.

माझं काय चुकतंय ते मला कळत नाही. कामातही लक्ष लागत नाही. परवा एका इमारतीत लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबवून मी आत तसाच उभा राहिलो. बाहेर लोक दार ठोकत होते. आणखी पत्ते असले तर पाठव.

टिल्लू


३ मे

ताई,

हे पत्र दुकानातून लिहिते आहे. मध्येच गिऱ्हाईक आलं तर अक्षर बिघडेल, समजून घ्या.

लाल पाटीची गोष्ट तुम्हाला कळलीच असेल. खरं सांगायचं तर फाटकाबाहेर पडेपर्यंत मला हसूच येत होतं. गाडीत बसल्यावर रडू यायला लागलं, म्हणून बोलले नाही.

ह्यांना न सांगितलेलं तुम्हाला सांगते. उडण्यासाठी लागणारं माझं मेडिकल, म्हणजे डॉक्टरांचा दाखला, ऑक्टोबरअखेर संपतं. गेल्या वेळी डॉक्टरांनी सही केली ती पेन जरा अडवून धरूनच. रक्तदाब काठावर आहे. मी रोज कितीतरी लोकांना रक्तदाबाच्याच गोळ्या देते, मला कुणी आकडे समजावून सांगायला नकोत. पुढच्या तपासणीत अडकले तर मास्तर शेजारी असताना उडता येईल, एकटीला जाता येणार नाही. आणि मला एकदा तरी एकटीनं जायचं आहे. का, ते नीट सांगता येत नाही. दुकानात माझ्या डोळ्यांना सगळ्यात लांबचं दिसतं ते समोरच्या चपलांच्या दुकानाचं शटर. पहिल्यांदा वर गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, क्षितिज दिसतंय ना? मी हो म्हटलं, आणि मनात म्हटलं, इतकी वर्षं हे होतं कुठे.

ह्यांना सांगितलं तर हे विमान सोडून माझ्या मागे लागतील. सकाळ-संध्याकाळ दंडाला पट्टा, जेवणातलं मीठ बंद, आणि ती लाल पाटी माझ्या गळ्यात.

शिकवणी थांबवायला मी बरं म्हटलं ही चूक माझीच. वाटलं, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. ह्यांचा जीव घाबरा झाला की तो चेहरा मला बघवत नाही, म्हणून मी नेहमीच पटकन बरं म्हणून मोकळी होते. हे वाईट असते तर सोपं झालं असतं, ताई. माझ्या काळजीनं ह्यांना अन्न गोड लागत नाही, आणि त्या काळजीवर चिडायचं तरी कसं? पण हल्ली चिडते. गिऱ्हाइकांवर चिडते, बाटल्यांवर चिडते.

तुम्ही ह्यांना घाई करायला सांगा. कारण मात्र सांगू नका.

तुमची भावजय


९ मे

वैमानिक बाई,

त्याला घाई करायला सांगू? त्याला घाई म्हटलं की तो आणखी एकदा तपासतो. शाळेत जाताना कडी लागली का ते बघायला हा अर्ध्या रस्त्यातून परत जायचा आणि मी कोपऱ्यावर पाय आपटत उभी. तुझ्या वाट्याला ते लग्नानंतर आलं, मी बालपणीच भोगून झाले.

विमानाची वाट बघू नकोस. उद्या क्लबात जा, मास्तरांना म्हण मी आले, आणि त्याच ठिगळाच्या सीटवर बस. नवऱ्याला काय सांगायचं ते तू ठरव. फक्त बरं म्हणू नकोस.

आणि गोळीचं डॉक्टरांना विचार. औषधांचं दुकान असलं म्हणजे आपलं आपण बघायचं असं नसतं.

ताई


२७ जून

ताई,

घेतलं. विमान घेतलं.

आधीचं सांगतो. मे महिन्यात एके दिवशी ही म्हणाली, "मी उद्यापासून क्लबात जाते आहे." विचारलं नाही, सांगितलं. मग मीही जायला लागलो, कुंपणाशी उभं राहायला. ती वर असेपर्यंत मी जाळी धरून असतो. घरी येऊन कितीही साबण लावला तरी बोटांना गंजाचा वास राहतो. मास्तर म्हणतात आत येऊन खुर्चीवर बसा, पण बसलं की मला जास्तच भीती वाटते. त्याच आठवड्यात ठरवलं, आता काही झालं तरी घ्यायचंच.

हे विमान एका फोटोग्राफरचं. वर जाऊन जमिनीचे फोटो काढायचा. दोन सीटा, पंख वर, तीन चाकं, चाल बैलगाडीची. बॅटरी घेऊन पंखाचे सांधे न् सांधे पाहिले, गंज नाही. ब्रेकच्या नळ्या कोरड्या. दार एकदा ओढलं की लागतं. आणि सगळ्यात काय आवडलं सांगू? उजवीकडची सीट. क्लबाच्या विमानात माझे गुडघे मावत नाहीत. पायाशी पेडल, मांड्यांच्या मध्ये तो विमान वळवायचा दांडा. इथे उजवीकडे समोर काही म्हणजे काही नाही. मी पाय पसरून बसून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हिच्याबरोबर मीही वर जाऊ शकेन. डोळे मिटून का होईना.

हिला आधी दाखवलं नाही. म्हटलं, एकदम समोर उभं करू. परवा क्लबाच्या हँगरमध्ये आणून ठेवलं. ही भोवती एक फेरी मारून आली, पंखावरून हात फिरवला आणि छान आहे म्हणाली. मास्तरही आले, आत डोकावले आणि काही न बोलता निघून गेले. जळत असतील.

टिल्लू


२ जुलै

टिल्लू,

फोटोग्राफरच्या विमानात उजवीकडे मोकळी जागा असते, कारण तिथे कॅमेरा ठेवायचा असतो. त्यासाठी उजवीकडचा दांडा आणि पेडल काढून टाकतात. आता मला सांग, मास्तरांनी शिकवायचं कुठे बसून? तिच्या मांडीवर?

विमान दोन्ही बाजूंनी चालवता आलं तर ते शिकाऊ. शिकणाऱ्याचं चुकलं की शेजारच्यानं सावरायचं, सगळी शिकवणी एवढीच असते. तू दुसरं इंजिन शोधलंस, दुसरा ब्रेक शोधलास, आणि जी एकच गोष्ट खरोखर दोन हवी होती ती नाही म्हणून खूश होऊन पाय पसरलेस. मी पत्रात लिहिलं नव्हतं हे खरं. विमानाला दोन पंख असावेत हेही मी लिहिलं नव्हतं.

विमान मात्र चांगलं घेतलंस. मला हे कबूल करणं जड जातंय. उजवा दांडा आणि पेडल पुन्हा बसवता येतात, पण त्या बनावटीचे ते भाग आता सहज मिळत नाहीत. शोधते. वेळ लागेल. तोवर ती जिथे शिकते आहे तिथे शिकू दे आणि तू आपल्या विमानावरची धूळ पूस.

ताई


२ जुलै

वैमानिक बाई,

टिल्लूला लिहिलंय की भाग शोधते आहे. ते खोटं आहे. दांडा, पेडल, तारा, सगळं माझ्या वर्कशॉपच्या मागच्या कपाटात तेल लावून ठेवलेलं आहे. मागे तसलंच एक विमान मोडीत निघालं तेव्हा काढून घेतलं होतं. मनात आणलं तर आठवड्यात बसवून देईन.

पण मनात आणणार नाही. नवं विमान तयार झालं की तुला त्यात पुन्हा पहिल्यापासून हात बसवावा लागेल, टिल्लू त्यात रोज तेलाचा नवा थेंब शोधेल, आणि ऑक्टोबर येऊन उभा राहील. तू क्लबाच्या विमानातच एकटी जा. जाऊन आलीस की मी स्वतः दांडा घेऊन येते. त्याला यातलं काही सांगू नकोस.

ताई


१६ सप्टेंबर

ताई,

उत्तर द्यायला उशीर केला, कारण चांगलं सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी वर जाते, वळते, परत येते, सगळं ठीक. उतरताना बिघडतं. चाकं टेकायच्या आधी विमान एका अंगाला सरकतं आणि मास्तरांना त्यांच्या बाजूचा दांडा धरावा लागतो. त्यांचा हात लागतो आहे तोवर ते मला एकटीला सोडणार नाहीत, आणि बरोबरच आहे. दोन महिने इथेच अडकले आहे. परवा उतरल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "बाई, उतरताना तुम्ही कुठे बघता?" मी म्हटलं, धावपट्टीकडे. ते म्हणाले, नाही, तुम्ही कुंपणाकडे बघता. मान वळते तिकडे हात जातो.

खरं आहे ते. मी बघते हे उभे आहेत का आणि चेहरा कसा झालाय. इतक्या वरून चेहरा काय दिसणार, एक ठिपका दिसतो. तरी बघते. घरात ह्यांच्या तोंडाकडे बघून मगच बोलायची मला इतकी सवय झाली आहे की विमानातही ती सुटत नाही.

मास्तरांना म्हटलं, हे त्यांना सांगू नका. घरी येऊन भांडी आवरताना वाटलं, मी काय काय लपवून ठेवलं आहे. मेडिकल लपवलं, तुमचं कपाट लपवलं, आता हे. इतकं पोटात घेऊन मला वर जायचं नाही. युक्तीनं एकटी गेले तर ते एकटं जाणं होणार नाही. ह्यांना मी सगळं सांगणार आहे. एक-दोनदा तोंड उघडलं होतं, पण ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजीत मीठ कमी आहे का विचारलं. तुम्ही दांडा पाठवून द्या. जे व्हायचं ते समोरासमोर होऊ दे.

तुमची भावजय


१६ सप्टेंबर

ताई,

दांडा सापडला असेल तर पाठवू नकोस. सापडला नसेल तर शोधू नकोस.

ही उतरताना विमान सरकतं. मी रोज कुंपणाशी असतो, मला दिसतं. मास्तर काही बोलत नाहीत, ही काही बोलत नाही. मग मी माझ्या धंद्याच्या रीतीनं बघायला लागलो. लिफ्ट कुठेतरी अडखळत असली की आम्ही एकेक गोष्ट बदलून बघतो. जी बदलल्यावर अडखळणं बदलतं, तिथे बिघाड. वारा बदलला, विमान माझ्याकडेच सरकलं. ही सकाळच्या ऐवजी संध्याकाळी गेली, तरी माझ्याकडेच सरकलं. मग एक दिवस मी धावपट्टीच्या पलीकडच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी विमान पलीकडे सरकलं. दुसऱ्या दिवशी मी गाडीत खाली वाकून बसलो, वरून दिसणार नाही असा. तेव्हा ते डावीकडे-उजवीकडे डुलत आलं, काहीतरी हरवल्यासारखं.

बिघाड मी आहे, ताई. त्या दिवशी मी गाडीतून बराच वेळ बाहेर आलो नाही. कुणाच्या इमारतीत असं निघालं असतं तर मी विचार न करता पाटी लावली असती.

आणखी एक. हिचा चष्मा घरी राहिला होता तो द्यायला दुकानात गेलो, तर काचेतून दिसलं, ही स्वतःचा रक्तदाब बघत होती. मी आत न जाता परत आलो. मेडिकल कधी संपतं ते क्लबात विचारून घेतलं. ती मला सांगत नाही म्हणजे मी कसा वागेन ते तिला माहीत आहे.

नवं विमान तयार झालं तर मी म्हणणार, ह्यातच बस, दुसऱ्यात नको. मला तू ओळखतेस. म्हणून ते अर्धवटच राहू दे. मी कुंपणाशी जाणं बंद करणार आहे. पण हिला कसं सांगू? येत नाही म्हटलं तर तिला वाटेल रागावलो.

टिल्लू


२२ सप्टेंबर

दोघांना,

तुमची दोघांची पत्रं एकाच टपालानं आली. एक म्हणते पाठवा, दुसरा म्हणतो पाठवू नकोस. एकाच घरात, एकाच छपराखाली, एकाच दिवशी बसून लिहिलेली.

हे पत्र एका टेबलाशी बसून एकत्र वाचा आणि वाचून झालं की एकमेकांशी बोला. ह्यापुढे मी कुणाचं काही पोटात ठेवणार नाही, माझं वय झालं. टिल्लू, दांडा पहिल्यापासून माझ्या कपाटात आहे. काय ओरडायचंय ते ओरड, मला तसंही ऐकू येत नाही.

ताई


१९ ऑक्टोबर

ताई,

ही काल एकटी जाऊन आली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आम्ही टेबलाशी बसलो. आधी भांडलो. तिनं मेडिकलचं सांगितलं, मी माहीत आहे म्हटलं, ती म्हणाली माहीत होतं तर बोलला का नाहीत, मी म्हटलं तू का नाही बोललीस. मग मी कुंपणाची तपासणी सांगितली. गाडीत वाकून बसलो होतो ते ऐकल्यावर ती आधी हसली आणि मग खूप रडली. म्हणाली, "तुम्ही येऊ नका. आणि घरी बसून वाटही बघू नका, ते मला वर कळेल. कामाला जा."

म्हणून काल मी कामावर होतो. उंच इमारत, गच्चीवर मशीनखोली, दार उघडं. विमानाचा आवाज आला. तो आवाज आता मी झोपेतही ओळखेन. मी बाहेर गेलो नाही असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण गेलो. लांबवर ते वळत होतं. आत किती डोकी आहेत ते तिथून दिसणं शक्य नव्हतं. तरी मला कळलं, कारण ते नेहमीपेक्षा भराभर वर चढत होतं, आणि मास्तर अंगानं माझ्यासारखेच वजनदार आहेत; ते आत नव्हते. मी गच्चीवरच खाली बसलो. मग उठून आत गेलो आणि ब्रेक तपासला. तो माझा आधीच तपासून झाला होता, पण हाताला काहीतरी हवं होतं.

संध्याकाळी ही रोजच्या वेळेला घरी आली. म्हणजे तिकडून येऊन तिनं दुकान उघडलं, दिवसभर चालवलं आणि बंद केलं. हात धुतले, पाणी प्यायली, खुर्चीवर बसली. म्हणाली, मास्तर अचानक म्हणाले थांबवा, खाली उतरले आणि गवतात जाऊन पाठ करून उभे राहिले. मी विचारलं, उतरताना? ती म्हणाली, "सरळ."

मग विचारायचं नाही असं ठरवलेलं मी विचारलंच. "वर माझी आठवण आली का?"

मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघून आता हो म्हणेल. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. खिडकीकडे बघत खरोखर आठवून पाहिलं आणि म्हणाली, "नाही. एकदाही नाही."

मला लागलं ते, ताई. खोटं कशाला सांगू. आणि लागता लागताच इतकं बरं वाटलं की मी हसायला लागलो, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. ही घाबरली, काय झालं विचारायला लागली. लग्न झाल्यापासून मी हिच्या डोक्यात जाळी धरून उभा असणार. काल थोडा वेळ मी तिथे नव्हतो आणि ती सरळ उतरली.

आता दांडा घेऊन ये. मला चैन पडत नाही. मेडिकल पुढच्या आठवड्यात आहे, गोळी लागू पडते आहे असं डॉक्टर म्हणतात, पण सही होईपर्यंत काही खरं नाही. आधी मला वाटायचं ही अडकली तर बरंच होईल. आता दिवसभर मनात एकच, ही पास झाली पाहिजे, पुन्हा वर गेली पाहिजे. सकाळी मी विचारलं, तपासणीला सोबत येऊ का? तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही शेजारी बसलात की माझा रक्तदाब चढतो."

म्हणून मी घरीच थांबणार आहे.

टिल्लू